वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचं नाव कसं नोंदवावं: नागपूर-विदर्भाकडच्या घरांसाठी

नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा (आजचं चंद्रपूर) या बाजूच्या कुठल्याही घराची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घ्या, माणसांच्या नावांआधी गावांची नावं अडवतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘तिरोडा, जि. भंडारा, सी. पी.’ असतं; सी. पी. म्हणजे इंग्रजी अमलातला मध्य प्रांत. त्यांच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर ‘तिरोडा, मध्यप्रदेश’. आत्याच्या लग्नपत्रिकेत ‘मु. पो. तिरोडा, जि. भंडारा’, आणि तिच्या नातवाच्या जन्मदाखल्यावर ‘तिरोडा, जि. गोंदिया, महाराष्ट्र’. तिरोडा जागचं हललेलं नाही. पण चारही गोष्टी जशाच्या तशा टाईप केल्या, तर सॉफ्टवेअर चार गावं तयार करतं. मग ‘तिरोड्यात आपल्या घरातले कोण कोण जन्मले’ हा साधा प्रश्न विचारला की पाव उत्तर मिळतं.

माझी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, नागपूर स्टेशनवर टपालाची छाननी करण्यात गेली. ‘कारंजा’ एवढंच लिहिलेलं पाकीट हातात आलं की आधी पिन बघायचा. ४४४ ने सुरू होत असेल तर कारंजा लाड, ४४२ असेल तर वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे. पिन नसेल तर पाठवणाऱ्याचं गाव, आडनाव, जे मिळेल ते बघून ठरवायचं. निवृत्तीनंतर घरची वंशावळ करायला बसलो तेव्हा ही सवय कामी आली, कारण इथेही प्रश्न तोच आहे: हे नेमकं कुठलं गाव? तो सुटल्याशिवाय नोंद पुढे नेऊ नका.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

गाव ही एक गोष्ट. कागदावर त्या गावाबद्दल काय लिहिलंय, ही दुसरी. आणि त्या तारखेला ते गाव कुठल्या तालुक्यात, जिल्ह्यात, राज्यात होतं, ही तिसरी. घोळ होतो तो या तिन्ही एकाच ओळीत कोंबल्यामुळे.

गावाची नोंद एकच करायची आणि पुढे प्रत्येक जन्म, लग्न, मृत्यू तिलाच जोडायचा. कागदावरचा मजकूर मात्र अक्षरशः, चुकीसकट, संदर्भाच्या खणात उतरवायचा. आमच्याकडे एका आजेचुलत्यांच्या शाळेतल्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा आहे. त्यात जन्मस्थळ ‘मौजे पवनी, तह. रामटेक’ असं लिहिलंय. घरातल्या सगळ्यांना पवनी म्हटलं की वैनगंगेकाठची, भंडारा जिल्ह्यातली, देवळांची पवनीच आठवते. एका पुतण्याने ‘रामटेक चुकून लिहिलं असेल’ म्हणून ते खोडून भंडारा टाकायला घेतलं होतं. पण रामटेक तालुक्यातही पवनी आहे, देवलापारकडे जाताना जबलपूर रस्त्यावर. उतारा बरोबर होता. त्याचा मजकूर मुळाबरहुकूम संदर्भात राहिला म्हणूनच हे ताडून बघता आलं. कागद दुरुस्त करायचा अधिकार आपल्याला नाही, तो वाचायचा आहे.

विदर्भातल्या कागदांची भाषाही ओळखीची करून घ्या. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल पंजी, शाळेसाठी दाखलखारीज, जमिनीसाठी १९५४-५५ चं अधिकार अभिलेख आणि त्याआधीचे बंदोबस्ताचे कागद. यांत गावाआधी ‘मौजा’, नंतर ‘प. ह. नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर, मग ‘तहसील’ येतं. हलका नंबर गावाच्या नावात घेऊ नका, पण संदर्भात नक्की उतरवा. एकाच तालुक्यात एका नावाची दोन गावं निघाली तर तोच नंबर निवाडा करतो. १९५० च्या आधीचे कागद कधी मोडीत, कधी हिंदीत, कधी इंग्रजीत सापडतात. मोडी वाचून घेतलं असेल तर कोणी वाचलं तेही लिहा.

सॉफ्टवेअरमध्ये प्रत्यक्ष

मी ग्रॅम्प्स वापरतो. ते फुकट आहे, देवनागरी नीट घेतं, आणि मुख्य म्हणजे त्यात गावांची उतरंड तारखांसकट ठेवता येते. आपल्याकडे जिल्हे आणि राज्यं इतकी बदलली आहेत की ही सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काम अर्धवटच होतं. मेनू इंग्रजीच ठेवा, म्हणजे मदत शोधायला सोपं जातं.

‘प्लेसेस’मध्ये जाऊन वरून खाली या. आधी देश, मग राज्य, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव. प्रत्येकाची वेगळी नोंद. प्रत्येक नोंदीत ‘टाईप’ निवडायचा असतो, त्यामुळे नावात ‘जि.’, ‘ता.’, ‘मु. पो.’ काही लिहू नका. गावाच्या नोंदीत ‘एन्क्लोज्ड बाय’ नावाचा भाग असतो. तिथे हे गाव कशाच्या पोटात आहे ते सांगायचं, आणि कधीपासून कधीपर्यंत तेही.

आता यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. राज्य बदलल्याच्या तारखा गावावर टाकू नका, जिल्ह्यावर टाका. जिल्हा बदलल्याची तारीख तालुक्यावर टाका. तिरोडा गाव तिरोडा तालुक्यात. तिरोडा तालुका ३० एप्रिल १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात, १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात. आणि भंडारा जिल्हा कुठल्या राज्यात कधी होता, ते भंडारा जिल्ह्याच्या नोंदीत. एकदा एवढं केलं की त्या तालुक्यातली पन्नास गावं जोडली तरी तारखा पुन्हा लिहाव्या लागत नाहीत. १९३० चा जन्म टाकला की ग्रॅम्प्स आपणहून भंडारा आणि मध्य प्रांत दाखवतं, २००५ चा टाकला की गोंदिया आणि महाराष्ट्र. त्यासाठी सेटिंगमध्ये ठिकाणाचं शीर्षक आपोआप तयार होण्याचा पर्याय चालू असायला हवा.

तारीख टाकताना ‘रेंज’ आणि ‘स्पॅन’ या दोन पर्यायांत गल्लत होते. ‘रेंज’ म्हणजे या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी एकदा. ‘स्पॅन’ म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत सलग. जिल्ह्याच्या पोटात असण्यासाठी नेहमी ‘स्पॅन’. शेवट नसेल आणि ‘फ्रॉम’ दिसत असेल तर तो घ्या, नाहीतर ‘आफ्टर’. तारखा इंग्रजी आकड्यांत आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. दिवस-महिन्याची अदलाबदल टळते.

एकदा बसून भरायच्या तारखा या. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा या बाजूला १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारेपर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. १८५४ मध्ये ते खालसा झालं आणि नागपूर प्रांत झाला. १८६१ मध्ये सागर-नर्मदा मुलूख जोडून मध्य प्रांत झाला. १९३६ पासून त्याचं नाव मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि १९५० पासून मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आलं. म्हणून १९५४ च्या मार्कशीटवर ‘नागपूर, मध्यप्रदेश’ दिसलं तर तरुण मंडळींनी कारकुनाला दोष देऊ नये. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशातच होतं.

वऱ्हाडची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच ठेवा. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी तो कारभारासाठी घेतला आणि हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालवला. १९०३ मध्ये हा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे १८८० सालच्या अमरावतीच्या जन्माला ‘मध्य प्रांत’ लिहिलं तर ते चूक. यवतमाळच्या माणसांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १९०५ पर्यंत त्या जिल्ह्याचं नाव वणी होतं, इंग्रजी कागदांत ‘वून’. वाशीम जिल्ह्याचा मोठा भाग १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. एलिचपूर, म्हणजे अचलपूर, जिल्हाही १९०५ मध्येच अमरावतीत गेला.

बाकीच्या तारखा पटापट: वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरमधून निघाला, त्यामुळे १८५० च्या दशकातला हिंगणघाटचा माणूस नागपूर जिल्ह्यातला. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून निघाला. रायपूर, दुर्गकडचे नातेवाईक असतील तर तिथे १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड. सौंसर, पांढुर्णा १९५६ नंतरही मध्य प्रदेशातच राहिले, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला.

नाव बदलणं आणि हद्द बदलणं यात फरक करा. चांदा १९६४ मध्ये चंद्रपूर झालं. जिल्हा तोच, नाव नवं. तिथे दुसरी नोंद करायची नाही. चंद्रपूर हे मुख्य नाव, आणि ‘अल्टरनेटिव्ह नेम्स’मध्ये चांदा, १९६४ च्या आधी अशी तारीख देऊन. मध्य प्रांताचा मध्य प्रदेश झाला तेही तसंच: एक नोंद, तीन नावं, तीन काळ. तिरोड्याचं मात्र नाव तेच राहिलं आणि जिल्हा बदलला, म्हणून तिथे नाव एक आणि ‘एन्क्लोज्ड बाय’च्या ओळी दोन. प्रत्येक बदलापुढे हा प्रश्न विचारला की कुठला खण उघडायचा ते लगेच कळतं.

मुक्काम, पोस्ट आणि स्टेशन

आपला पत्ता ‘मु. पो. ता. जि.’ या चौकटीत बसतो, आणि टपालासाठी ती चौकट उत्तम आहे. वंशावळीत मात्र पोस्ट बाजूला काढा. ‘मु. अमुक, पो. कोंढाळी’ म्हणजे माणूस कोंढाळीचा नाही. कोंढाळीच्या पोस्टातून त्याच्या गावाला टपाल जात होतं, एवढाच त्याचा अर्थ. पोस्ट ऑफिसं उघडतात, बंद होतात, एका गावाचं पोस्ट दुसरीकडे जोडलं जातं. कधी कधी पोस्ट एका तालुक्यात आणि गाव दुसऱ्या, असंही असतं. जुन्या पत्रांवरून गाव शोधताना पोस्टाचं नाव फार मदत करतं, कारण आसपास कुठे बघायचं ते कळतं. ते संदर्भात ठेवा, उतरंडीत नको. पिनकोडही तसाच: तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याआधीच्या घटनेला पिन जोडण्यात अर्थ नाही.

रेल्वेत नोकरी केलेल्या घरांना स्टेशनांची नावं चकवतात. बंगाल-नागपूर रेल्वेत असलेल्या माझ्या आजेमामांच्या मुलांचे जन्म ‘भंडारा रोड’ आणि ‘तुमसर रोड’ इथले लिहिलेले आहेत. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे, आणि वरठी मोहाडी तालुक्यात. तुमसर रोड आहे देव्हाडीला. क्वार्टर स्टेशनाला लागून, म्हणून जन्मगाव वरठी आणि देव्हाडी. गावाची नोंद ‘वरठी’, पर्यायी नाव ‘भंडारा रोड’, आणि टिपणात ‘रेल्वे क्वार्टर’. वडसाचं उलटं: स्टेशन वडसा, गावाचं सरकारी नाव देसाईगंज, लोक दोन्ही म्हणतात. एकच नोंद, दोन नावं.

जन्मगाव आणि मूळ गाव यांचीही फारकत करावी लागते. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्या मुलाचा जन्म आईच्या गावचा असतो आणि शाळेत नाव घालताना मास्तरांनी वडिलांचं गाव लिहून टाकलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना नक्की आठवतं. माझ्या आत्याने एका वाक्यात मिटवलं होतं: “तो तं मामाच्या घरी कारंज्याले झाला, पावसात, नदीले पूर होता.” वर्धा जिल्ह्यातलं कारंजा, आणि मोसमसुद्धा. असं वाक्य मिळालं तर सांगणाऱ्याचं नाव आणि सांगितल्याची तारीख घालून संदर्भात ठेवा. दवाखान्यातला जन्म असेल तर ठिकाण म्हणून नागपूर, आणि डागा की मेयो ते घटनेच्या वर्णनात.

नावाचं स्पेलिंग

मुख्य नाव देवनागरीत ठेवा. रोमन स्पेलिंग पर्यायी नावात, भाषा ‘इंग्रजी’ निवडून. बाहेरदेशी असलेली भाचरं त्यावरूनच शोधतील. जुन्या इंग्रजी कागदांतली सीताबुल्डी, ऊमरावती, एलिचपूर अशी स्पेलिंगंही तिथेच भरा. १९०८ च्या आसपास निघालेली मध्य प्रांताची जिल्हा गॅझेटियर नेटवर वाचायला मिळतात. त्या काळी गावाचं इंग्रजी नाव कसं लिहीत आणि तहसील कुठली होती, हे तिथे दिसतं. तेव्हा नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल अशा चारच तहसिली होत्या. आज चौदा तालुके आहेत. म्हणून कुही, मौदा, भिवापूरकडच्या गावाला जुन्या काळासाठी आजचा तालुका चालत नाही.

मराठी नाव कोणतं प्रमाण धरायचं? मी महाभूलेखच्या संकेतस्थळावरची गावांची यादी धरतो. विभाग, जिल्हा, तालुका निवडला की त्या तालुक्यातली सगळी गावं मराठीत खाली उघडतात. आपलं गाव आज कुठल्या तालुक्यात आहे हेही तिथेच कळतं. तिथे ‘रिठी’ जोडलेली नावं दिसतील. तिथली वस्ती उठली आहे, पण शेताचा सातबारा चालू आहे. पणजोबांच्या कागदात असलेलं आणि आज नकाशावर न सापडणारं गाव पुष्कळदा याच यादीत सापडतं. ते सापडलं की मला अजूनही फार आनंद होतो, कारण घरातल्यांना वाटत असतं की ते गाव नुसतं आजीच्या बोलण्यातच होतं.

खुर्द, बुद्रुक, रेल्वे, बाजार ही जोडनावं कधीही गाळू नका. चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्ही अमरावती जिल्ह्यातच आहेत, नुसतं चांदूर लिहिलं तर जिल्ह्यानेही उलगडा होत नाही. हिंदी कागदात बुद्रुकच्या जागी ‘कलां’ येतं. तेही पर्यायी नावात टाका.

आता कॉम्प्युटरचा एक खास त्रास, जो डोळ्यांना दिसत नाही. ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ कागदावर सारखे दिसतात. पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, पाय मोडून मागे एक अदृश्य जोडचिन्ह. मोबाईलचा कीबोर्ड एक लिहितो, कॉम्प्युटरचा दुसरं. सॉफ्टवेअरला हे दोन वेगळे शब्द. हिंदी कीबोर्डवरून आलेल्या ‘नरखेड़’चंही तेच: ड खालचा नुक्ता असला की शोधात ‘नरखेड’ सापडत नाही. म्हणून गावाचं नाव दर वेळी टाईप करायचं नाही. एकदा नोंद झाली की यादीतून निवडायचं. कृतीदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाईलींतून नाव चिकटवलं तर भलतीच अक्षरं उमटतात, ती आधी युनिकोडमध्ये करून घ्या. नागपुर-नागपूर, पिपळा-पिंपळा यांतलं काय घ्यायचं ते एका कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी लावा. घरात दोघंतिघं मिळून काम करत असाल तर तो कागद सगळ्यांकडे हवा.

शहराच्या पोटातली गावं, पाण्याखालची गावं

नागपूरच्या महाल, इतवारी, सीताबर्डी, धंतोली यांना ‘नेबरहुड’ टाईप द्या आणि नागपूर शहराच्या पोटात ठेवा. शहर थेट जिल्ह्यात, मध्ये तालुका नको. नाहीतर ‘नागपूर, नागपूर, नागपूर’ असं तीनदा दिसतं आणि वाचणारा गोंधळतो. लोक ‘बर्डी’ म्हणतात, ते पर्यायी नाव. नुसती ‘शुक्रवारी’ असेल तर जुनी की नवी हे कळल्याशिवाय कुठलीही निवडू नका. ‘शुक्रवारी’ अशीच नोंद ठेवा आणि टिपण लिहा. घरनंबर, वाड्याचं नाव, गल्ली हा पत्ता झाला, त्याचा खण वेगळा आहे.

मानेवाडा, सोमलवाडा, जयताळा, हुडकेश्वर ही पूर्वी स्वतंत्र गावं. पणजी हुडकेश्वरची असेल तर ती नागपूर शहरातली नव्हे. हुडकेश्वर आणि नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आले, त्याआधी तालुक्याच्या पोटात. ज्या गावाची तारीख सापडत नाही तिथे ‘अबाउट’ घालून अंदाजे दशक द्या आणि अंदाज आहे असं लिहा.

गोसीखुर्दच्या पाण्याने भंडारा जिल्ह्यातली आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूरकडची गावं उठली. नवी वस्ती त्याच नावाने दुसरीकडे बसली. नरखेड तालुक्यातलं मोवाड १९९१ च्या वर्धा नदीच्या पुरानंतर नव्या जागी वसलं. अशा गावांसाठी मी दोन नोंदी करतो, जुनं गावठाण आणि पुनर्वसित गाव, आणि दोघांच्या टिपणात एकमेकांचा उल्लेख. ही गावाची एकच नोंद या नियमातली एकमेव सूट आहे, आणि ती द्यायलाच हवी. आजीचं लग्न जिथे लागलं ते अंगण नव्या वस्तीत नाही. नकाशावरची खूण जुन्या जागेवर पडली पाहिजे, मग तिथे आज पाणी दिसलं तरी चालेल. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा. नागपूर साधारण २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. म्हणजे आपल्या बाजूच्या गावाचा आकडा यापासून फार दूर गेला तर उलटसुलट टाईप झालंय हे लगेच लक्षात येतं.

कधी गावच माहीत नसतं. ‘आमचे लोक चांद्याकडून आले’, ‘झाडीपट्टीतले’, ‘वऱ्हाडातले’ एवढंच कानावर असतं. तेवढंच नोंदवा. ‘झाडीपट्टी’ हा ‘रीजन’ टाईप करून ठेवला की पुरे. चंद्रपूर शहर निवडून टाकू नका. पुढची पिढी ते पक्कं धरते आणि भलत्याच गावात शोधत बसते. आडनाव रामटेककर आहे म्हणून मूळ गाव रामटेक, असंही ठरवू नका. कागद किंवा माणूस काय सांगतो ते बघा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरला देताना

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली एक ओळ असते. लहानाकडून मोठ्याकडे: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. तालुका माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा पण स्वल्पविराम ठेवा, ‘वरठी, , भंडारा, महाराष्ट्र, भारत’. नाहीतर जिल्हा तालुक्याच्या जागी सरकतो. अशा एका ओळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी आजची उतरंड लिहितो आणि त्या काळची टिपणात. याउलट करणारेही पुष्कळ आहेत, त्यांचं म्हणणं की घटना घडली तेव्हाचंच नाव खरं. ते तत्त्वाने बरोबर आहे. पण आपल्याकडे एकाच माणसाच्या हयातीत तीन राज्यं झाली. मग सख्ख्या भावंडांचे जन्म तीन राज्यांत विखुरलेले दिसतात आणि गावाची यादी पुन्हा फुटते. तारखा झेलणारी उतरंड नसेल तिथे आजचं नाव, हे माझं मत. दोन्हींतलं काहीही घ्या, पण एका फाईलीत एकच.

जेडकॉम (GEDCOM) फाईल, म्हणजे वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरं वाचतात ती फाईल, काढून नातेवाइकांना पाठवता तेव्हाही हीच ओळ जाते. तारखांची उतरंड आणि बरीचशी पर्यायी नावं मागेच राहतात. मावसभावाने ती फाईल दुरुस्त करून परत पाठवली, तर ती मूळ फाईलीवर चढवू नका. नव्या रिकाम्या कुटुंबात उघडा, काय बदललंय ते बघा आणि तेवढंच हाताने घ्या. ग्रॅम्प्सचा स्वतःचा बॅकअप वेगळा काढून ठेवा, सगळं त्यातच असतं.

आधीच भरलेली फाईल दुरुस्त करायची असेल तर वर्णानुक्रमे सुरुवात करू नका. ज्या गावाला सगळ्यात जास्त घटना जोडलेल्या आहेत ते आधी घ्या, बहुधा ते तुमचं मूळ गाव असेल. बॅकअप घ्या. त्या गावाच्या दोन नोंदी निवडून ‘मर्ज’ करा, उतरंड बरोबर आहे ती ठेवा. मग ‘अल्टरनेटिव्ह नेम्स’ उघडून जुनं लिहिणं तिथे आलंय ना ते बघा, नसेल तर हाताने टाका. एक घटना उघडून त्या वर्षीचा जिल्हा बरोबर दिसतो का ते तपासा, आणि मगच पुढच्या गावाला हात लावा. दोन पवन्या, दोन कारंजे अशी शंका असलेल्या नोंदी मर्ज करू नका. त्यांच्यावर ‘तपासायचं’ असा टॅग लावून ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे त्या यादीसकट जाऊन बसा.